रुकडीचं तिकीट

मिरजेच्या खिडकीवर मी रुकडीचं तिकीट मागायचो.
घर कोल्हापुरात, उद्यमनगरात,
लेथच्या शेडमागं दोन खोल्या.
पण 'को' म्हणायला गेलं की घशात जीभ आडवी पडायची,
गंजका नट जाम व्हावा तशी.
मागं रांग. कुणीतरी पाठीत बोट टोचायचं.
'रु' मात्र सुटायचा बिनबोभाट.
मग रुकडीला उतरायचं, तिथनं वडाप,
वर पैसे, वर अर्धा तास.
किती वर्षं, हिशेब केला नाही.

नाव कृष्णात. तेही क वरनंच.
कुणी विचारलं तर बिल्ला पुढं करायचो.

आईनं वेखंड उगाळून चाटवलं होतं,
शेजारणीनं पोपटाचा उष्टा पेरू आणला होता.
मामा म्हणायचा, तालमीत पैलवान अंगावर धावून आला,
तवापास्नं पोरगं हबकलंय.
मला तो पैलवान आठवत नाही.
वर्गातलं हसू आठवतं,
आणि पुस्तक वाचायची पाळी
चार बाकं अलीकडं आल्यावर सुटणारा घाम.

मुलगी झाली तेव्हा नाव ठेवलं ईश्वरी.
लोकांना वाटलं, भक्ती.
मी फक्त सोपं अक्षर शोधत होतो.
चौथ्या वर्षी ती म्हणाली,
माझं नाव ई-ई-ई-
आणि मी बायकोसमोरनं उठून
बाहेर जाऊन बंद लेथ पुसत बसलो.

राजारामपुरीत, जिन्याखाली चपलांचा ढीग,
वर चौगुले मॅडम. माझ्यापेक्षा लहान.
म्हणाल्या, भीतीनं हे येत नाही.
भीती मागनं येते, मुक्कामाला.
बोलायच्या आधी मेंदूत वेळ जुळावी लागते,
श्वासाची, आवाजाची, जिभेची.
काहींची जुळता जुळता हुकते.
कधी घराण्यातनं येतं. तुमच्यात आणखी कोण?

कोणी नाही, असं मी मान हलवून सांगितलं.
मग आठवला वडलांचा चुलता.
गावात त्याला मुकाच म्हणायचे,
पण भजनात पहिला आवाज त्याचा,
एक अक्षर अडायचं नाही.
मॅडमनी ते लिहून घेतलं.

तिला 'सावकाश बोल' म्हणू नका. तुम्ही सावकाश बोला.
रोज पाच मिनिटं जमिनीवर बसा, फोन लांब.
शब्द तिच्या तोंडात आहे, तो काढून घेऊ नका.

माझे शब्द जन्मभर दुसऱ्यांनी पुरे केले,
पानवाल्यानं, मास्तरानं, मेव्हण्यानं,
बहुतेक वेळा चुकीचे.
आणि मी तेच करत होतो तिच्याशी, मायेनं.

आणि तुमचं काय, मॅडम म्हणाल्या.
एक्केचाळीसाव्या वर्षी मी क शिकायला बसलो.
दाबू नका. नुसतं टेकवा.
हे मला माहीत होतं की!
टूल जॉबला टेकवतात, रेटलं की टिप तुटते.
अडकलात तर पळू नका,
दुसरा शब्द शोधू नका. थांबा.
तोच शब्द पुन्हा, हलका.
जाईल का हे?
तिचं कदाचित जाईल, लहान आहे.
तुमचं राहील थोडं. त्याच्यासकट बोलायचं.

परवा आत्याकडनं येताना मिरजेच्या खिडकीवर
ईश्वरी माझी करंगळी धरून.
मी म्हणालो, क-क-क-
थांबलो. रांग थांबली.
मागनं कुणीतरी चक् केलं.
को-ल्हापूर. दीड.
आतला माणूस मान वर न करता म्हणाला,
सुट्टे द्या.

रुकडीला गाडी थांबली.
बाहेर वडापवाल्यानं मला ओळखून हात केला.
मी खिडकीतनं नुसता हात हलवला, बसून राहिलो.

प-पप्पा, ई-ई-
डोळे मिटले तिनं, उघडले.
मला पुढचं सगळं ठाऊक होतं.
मी काही बोललो नाही.
गाडी हलली, फलाट मागं पडला,
ऊस सुरू झाला.
ई-इथं कोण राहतं?

क... कुणी नाही, मी म्हणालो.